भूकंप व ज्वालामुखी

संस्कृत भाषेत पृथ्वीला जी अनेक नावे आहेत, त्यांत ‘अचला’ हे एक नाव आहे. अचला म्हणजे न हलणारी. घराचा पाया माणूस तिच्यावर रचतो, विहीर तिच्यात खणतो, शेताची बांधबंदिस्ती तिच्याच भरवशावर करतो. ती आज जेथे आहे तेथेच उद्याही असेल, अशी सर्वांची खात्री असते. परंतु ही खात्री पूर्णपणे खरी नाही. पृथ्वीचे कवच सदैव हालत असते. बहुधा ही हालचाल इतकी मंद असते, की ती कोणाच्याही ध्यानात येत नाही. क्वचित ती एकाएकी होते, तेव्हा जमीन थरथरते आणि भूकंप होतो. कोठे कोठे भूगर्भातील तप्त रस कवच फोडून वर येतो, तेव्हा ज्वालामुखीचा उद्रेक होतो.

या घटनांचे कारण शोधण्याचा प्रयत्न माणसाने फार प्राचीन काळापासून केला आहे. शेषाने फणा हलविला म्हणजे पृथ्वी डोलते, असे आपल्याकडे मानीत. भूमीखाली राहणारा एक प्रचंड मासा वळवळला म्हणजे धरणीकंप होतो, अशी जपानी लोकांची समजूत होती. इटलीजवळील एका बेटातील पर्वतातून धूर व ज्वाला निघत. तेथे व्हल्कन नावाच्या अग्निदेवाची भट्टी आहे, असे प्राचीन रोमन लोक म्हणत. या कल्पनांना हसण्याचे कारण नाही. जमीन का हालते, हा प्रश्न त्यांनी विचारला, हेच महत्त्वाचे होय. उत्तर शोधण्याची साधने मात्र त्या काळी नव्हती.

पृथ्वीच्या पोटात काय आहे, हे प्रत्यक्ष पाहणे आजही शक्य झालेले नाही. पृष्ठभागापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. रशियातील कोला द्वीपकल्पात माणसाने जे अतिशय खोल छिद्र पाडले, ते १९८९ साली १२ किलोमीटरांहून थोडे अधिक खोल गेले. लिंबाच्या सालीवर सुईचा हलका ओरखडा उठावा, इतकीच ही खोली! मग आतील रचना कळली कशी? माठ विकत घेताना गिऱ्हाईक तो बोटाने वाजवून पाहते आणि नुसत्या आवाजावरून तो पक्का आहे की फुटका, हे ओळखते. शास्त्रज्ञांनीही तसेच केले. पृथ्वीचा माठ वाजविण्याचे काम मात्र भूकंपांनीच केले.

१२ जून १८९७ रोजी आसामात एक महाभयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. दूरदूरच्या देशांतील यंत्रांवर उमटलेल्या नोंदी ताडून पाहता त्यांना असे दिसले, की भूकंपाच्या लहरी एकाच प्रकारच्या नसून त्यांत तीन प्रकार आहेत. पुढे १९०६ साली, पृथ्वीच्या मध्यभागातून जाणाऱ्या लहरींना अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागतो, यावरून त्यांनी पृथ्वीला एक निराळा गाभा आहे, हे दाखवून दिले. आसामच्या भूमीवर ओढवलेल्या अरिष्टातून सबंध पृथ्वीच्या अंतरंगाचे ज्ञान मिळण्यास असा आरंभ झाला.

पृथ्वीचे मुख्य थर तीन आहेत. सर्वांत वरचे ते कवच. महासागरांच्या तळाशी ते केवळ ५ ते १० किलोमीटर, तर खंडांखाली बहुधा ३० ते ५० किलोमीटर जाड असते. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण पसरलेले आहे. त्याच्याही खाली लोह व निकेल यांचा गाभा असून, त्याचा बाहेरचा भाग द्रवरूप, तर आतला भाग घनरूप आहे. कवचाखाली सर्वत्र वितळलेला रस उकळत असतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. प्रावरण अतितप्त असले तरी ते मुख्यतः घनरूपच आहे. थंड डांबराचा गोळा हातोडीने फुटतो. पण तोच कित्येक दिवस तसाच ठेवला तर हळूहळू पसरतो. प्रावरणही लक्षावधी वर्षांच्या काळात असेच सावकाश वाहते.

या वाहणाऱ्या थरावर पृथ्वीचा वरचा कठीण भाग अखंड पसरलेला नाही. तो लहानमोठ्या तुकड्यांत विभागलेला आहे. या तुकड्यांना भूपट्ट असे म्हणतात. खंडे पूर्वी एकत्र होती व नंतर ती दूर सरकली, हा विचार आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडला, तेव्हा अनेक विद्वानांनी तो हसण्यावारी नेला. १९६० नंतरच्या संशोधनाने मात्र भूखंडे सरकतात, हे निर्विवाद ठरले. भूपट्ट साधारणपणे हाताची नखे वाढतात, त्या वेगाने सरकतात. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे जात आहे. आशिया खंडाशी झालेल्या त्याच्या टकरीतूनच हिमालय उंचावला, आणि ही टक्कर अद्याप थांबलेली नाही. हिमालयाच्या पायथ्याशी वारंवार मोठे भूकंप होतात, त्याचे कारण हेच.

इतक्या मंद गतीने सरकणाऱ्या भूमीला एकाएकी हादरा कसा बसतो? ओला बांबू दोन्ही हातांनी वाकवीत गेले, तर तो प्रथम निमूटपणे वाकतो. ताण वाढत जातो आणि एका क्षणी बांबू कडकन मोडतो. हातांना झिणझिण्या येतात. खडकांचेही असेच होते. दोन बाजूंच्या हालचालीमुळे ते शेकडो वर्षे ताण सोशीत राहतात. ताण असह्य झाला, की एखाद्या जुन्या भेगेवर खडक एकदम सरकतात आणि साठलेली शक्ती लहरींच्या रूपाने चहूकडे पसरते. अशा भेगेला भ्रंश म्हणतात. १९०६ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मोठा भूकंप झाला. तेव्हा भ्रंशावरून गेलेली शेतांची सरळ कुंपणे तुटून काही ठिकाणी त्यांची दोन टोके सुमारे ६ मीटर बाजूला सरकलेली आढळली. अशा पुराव्यांवरूनच हॅरी रीड या शास्त्रज्ञाने भूकंपाची ही उपपत्ती बसविली.

भूगर्भात ज्या ठिकाणी खडक प्रथम सरकतो, त्यास भूकंपाची नाभी म्हणतात. तिच्या बरोबर वर, भूपृष्ठावर जे स्थान येते, ते अपिकेंद्र होय. नाभीपासून निघालेल्या लहरींपैकी प्राथमिक लहरी सर्वांत वेगवान असतात. त्यांच्यामागून दुय्यम लहरी येतात आणि सर्वांत शेवटी भूपृष्ठावरून जाणाऱ्या लहरी येतात. घरांची अधिक हानी होते, ती बहुधा या मागाहून येणाऱ्या लहरींमुळे. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला, यावरून वीज किती दूर पडली याचा अंदाज करता येतो. तद्वतच पहिल्या दोन लहरींच्या आगमनातील अंतरावरून भूकंप किती दूर झाला, हे भूकंपमापक यंत्र असलेल्या केंद्रास कळते. तीन केंद्रांची माहिती जुळविली, की अपिकेंद्राचे स्थान निश्चित होते.

भूकंपाचे बळ अंकांनी सांगण्याची पद्धत चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली सुरू केली. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या. मूळ कल्पना मात्र तीच राहिली. या मापात एका अंकाची वाढ किरकोळ समजू नये. ५ पेक्षा ६ या मापाच्या भूकंपात जमिनीची कंपने दहापट मोठी होतात, आणि बाहेर पडणारी शक्ती तर सुमारे ३२ पट असते.

आता ज्वालामुखीकडे वळू. कवचाखाली काही ठिकाणी खडक वितळतात. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तेथे, अथवा एक भूपट्ट दुसऱ्याखाली खोल शिरतो तेथे हे विशेषकरून घडते. या वितळलेल्या खडकास शिलारस म्हणतात. तो भोवतालच्या खडकांपेक्षा हलका असल्याने वर चढू लागतो आणि भूपृष्ठावर आला, की त्यास लाव्हारस हे नाव मिळते. पॅसिफिक महासागराच्या काठाकाठाने अशा ज्वालामुखींची मोठी रांगच आहे. तिला अग्निकंकण असे म्हणतात. भारतात अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर एक जागृत ज्वालामुखी आहे. दीर्घकाळ शांत राहिल्यानंतर १९९१ साली तो पुन्हा जागा झाला, आणि त्यानंतरही त्याचे अनेक उद्रेक झाले आहेत.

सर्वच ज्वालामुखी सारखे नसतात. लाव्हारस पातळ असला, तर त्यातील वायू सहज निसटतात आणि रस पुरासारखा वाहत जातो. हवाई बेटांवर असेच उद्रेक होतात. रस घट्ट असला, तर वायू आत कोंडतात आणि घट्ट झाकण लावलेले भांडे फुटावे तसा स्फोट होतो. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा व सुमात्रा यांच्यामधील क्राकाटोआ बेटावर झालेल्या स्फोटाचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. त्या उत्पातात ३६,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक स्फोटामुळे उसळलेल्या सागराच्या लाटांनी गिळली. याउलट, ज्वालामुखीचा जन्म डोळ्यांसमोर झाल्याचेही उदाहरण आहे. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मेक्सिको देशातील एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन भेगलली आणि तीतून धूर व तप्त दगड बाहेर पडू लागले. वर्षभरात तेथे ३०० मीटरांहून उंच टेकडी उभी राहिली. पारिकुतिन या नावाने प्रसिद्ध असलेला हा ज्वालामुखी १९५२ साली शांत झाला. लाव्हारसाने गिळलेल्या एका गावाच्या चर्चचा मनोरा गोठलेल्या काळ्या दगडांतून वर आलेला आजही दिसतो.

महाराष्ट्रात आज जागृत ज्वालामुखी नाही. परंतु महाराष्ट्राची भूमीच ज्वालामुखीने घडविली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे कवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हारसाचे पूर पुनःपुन्हा वाहिले. एक थर थिजावा, त्यावर दुसरा यावा, असे दीर्घकाळ चालले. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या होत. हा काळा दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. शिवकालीन गडांचे बुरूज याच दगडावर उभे आहेत, वेरूळचे कैलास लेणे याच दगडात कोरले आहे, आणि याच दगडाची झीज होऊन कापूस व ज्वारी पिकविणारी काळी कसदार जमीन तयार झाली आहे. जी शक्ती गावे गिळते, तीच शक्ती कालांतराने शेते पिकविते.

या कठीण दगडाच्या भरवशावर दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, असे बराच काळ मानले जाई. त्या समजुतीस पहिला मोठा धक्का कोयनेने दिला. सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर धरण बांधले गेले आणि १९६२ पासून शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले. त्यानंतर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ मापाचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झाले व पावणेदोनशेच्या सुमारास माणसे दगावली. धरणास तडे गेले, तरी ते उभे राहिले व पुढे ते अधिक बळकट करण्यात आले. पाण्याने भूकंपाची शक्ती निर्माण केली नाही. खडकांत आधीच साठलेल्या ताणाला जलाशयाचा भार व भेगांत मुरलेले पाणी यांनी वाट करून दिली, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. या भागात भूगर्भाचा वेध घेण्यासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्याचे काम २०१७ साली पुरे झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगड भेदल्यावर त्याखाली त्याहून फार पुरातन असा खडक लागला. लाव्हारसाचे थर हे वरचे पांघरूण होय. भूकंप घडविणारे भ्रंश त्याखालच्या जुन्या खडकांत दडलेले आहेत.

भूकंप केव्हा होणार, हे आधी सांगता येईल काय? ज्वालामुखीच्या बाबतीत पुष्कळदा येते. उद्रेकापूर्वी डोंगर फुगतो, वायू सुटतात व बारीक धक्के बसतात. फिलिपाईन्समधील पिनातुबो पर्वत सुमारे पाचशे वर्षे शांत होता. १९९१ साली त्याने अशी चिन्हे दाखविताच शास्त्रज्ञांनी यंत्रे बसवून इशारा दिला. भोवतालची वस्ती हलविण्यात आली. १५ जूनला प्रचंड उद्रेक झाला, परंतु हजारो लोकांचे प्राण वाचले. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची विद्या मात्र कोणत्याही देशापाशी नाही. अमुक दिवशी भूकंप होणार, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग माणसाच्या हाती काय उरते? याचे उत्तर किल्लारीच्या दुःखद घटनेत मिळते. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे रात्री उशिरा झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास ६.२ मापाचा भूकंप झाला. काही सेकंदांत गावेच्या गावे दगडमातीचे ढिगारे होऊन पडली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या व भरपूर जाड होत्या, आणि माळवदावर मातीचा जाड थर होता. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून जो थर पूर्वजांनी घातला, तोच झोपलेल्या माणसांवर कोसळला. लाकडी खांब व तुळया यांची चौकट जेथे पक्की होती, तेथे भिंती ढासळल्या तरी कित्येक ठिकाणी छप्पर तरले. गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्यांनीही आतील माणसांना इजा होऊ दिली नाही.

याच्याशी दुसरी एक घटना ताडून पाहावी. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज या उपनगराखाली भूकंप झाला. वेळ पहाटेचीच होती, वस्ती दाट होती, आणि भूकंपाचे माप ६.७ म्हणजे किल्लारीपेक्षा अधिक होते. पूल कोसळले, इमारती मोडल्या, अपार वित्तहानी झाली. पण मृत्यू सुमारे साठ झाले. हा फरक दैवाचा नव्हे. पुष्कळशी घरे हलक्या लाकडी चौकटीची होती, आणि भूकंप लक्षात घेऊन बांधकामाचे नियम तेथे अनेक वर्षे पाळले जात होते. भूकंप बहुधा माणसास मारीत नाही. कोसळणारे घर मारते.

किल्लारीच्या परिसरात पुढे जी नवी गावे वसली, त्यांत हा धडा घेतलेला दिसतो. भूकंपात टिकणारे घर बांधण्यास राजवाड्याचा खर्च लागत नाही. छप्पर हलके असावे. दगडी भिंतीत मधून मधून दोन्ही अंगांना धरून ठेवणारे लांब आडवे दगड घालावेत. जोत्यावर, दाराखिडक्यांच्या वर आणि छपराखाली लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे पट्टे सर्व भिंतींवरून सलग फिरवावेत. कमरपट्ट्याप्रमाणे ते घर आवळून धरतात. धक्का बसू लागताच घरातील माणसाने भक्कम मेजाखाली बसावे, डोके झाकावे व मेजाचा पाय धरून ठेवावा; जिन्याकडे अथवा लिफ्टकडे धावू नये. उघड्यावर असलेल्याने भिंती व विजेचे खांब यांपासून दूर राहावे. मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के बसतात, म्हणून तडे गेलेल्या घरात परत शिरू नये.

पृथ्वीची हालचाल थांबविणे माणसाच्या हाती नाही, आणि ती थांबणे त्याच्या हिताचेही नाही. कारण हिमालय, सह्याद्री व काळी जमीन ही तिचीच देणगी होय. तिचा स्वभाव ओळखून वागणे मात्र माणसाच्या हाती आहे. भूकंप कोणत्या दिवशी येईल, हे कोणास ठाऊक नाही. घराची भिंत कशी बांधावी, हे मात्र ठाऊक आहे. जे ठाऊक आहे ते वेळीच आचरणात आणणे, हाच शहाणपणा होय.

स्वाध्याय

१. पृथ्वीच्या अंतरंगाचे ज्ञान भूकंपांमुळे कसे मिळाले?
२. वाकविलेल्या बांबूच्या उदाहरणाने भूकंपाचे कारण स्पष्ट करा.
३. पातळ व घट्ट लाव्हारसामुळे होणाऱ्या उद्रेकांतील फरक सांगा.
४. ‘जी शक्ती गावे गिळते, तीच शक्ती कालांतराने शेते पिकविते,’ असे का म्हटले आहे?
५. किल्लारी व नॉर्थरिज येथील भूकंपांची तुलना करा. तीवरून कोणता बोध मिळतो?
६. आपल्या घराच्या अथवा शाळेच्या भिंती व छप्पर कशाचे आहे, ते पाहा व भूकंपाच्या दृष्टीने त्यांविषयी दहा ओळी लिहा.